कुलूपवाल्याचा मुलगा आणि विजेचा हिशेब

विजेचा आणि आमचा संबंध बिल भरण्यापुरताच होता. शाळेत ओहमचा नियम पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरलो. पुढे कायद्याच्या अभ्यासात कलमे आली, पोटकलमे आली. त्यात व्होल्ट आणि अँपिअर कुठले? परंतु काही वर्षांपूर्वी एक लाँड्रीवाला कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला आणि या विसरलेल्या नियमाशी आमची पुन्हा गाठ पडली. त्याच्या दुकानाची तपासणी झाली होती. पंचनाम्यात दोन इस्त्र्या, प्रत्येकी २००० वॅट, अशी नोंद होती. मंजूर भार होता अडीच किलोवॅट. म्हणजे मंजुरीपेक्षा जादा भार वापरल्याचा ठपका आणि त्यावर दंडासारखी आकारणी. लाँड्रीवाल्याचे म्हणणे एवढेच होते, की इस्त्र्या हजार-हजार वॅटच्या आहेत. पण इस्त्रीवरची पट्टी घासून कोरी झालेली, खरेदीची पावती हरवलेली. तपासणी करणाऱ्याने अंदाजाने आकडा लिहिला आणि तो अंदाजच पुरावा होऊन बसला!

आमच्या वस्तीतला आयटीआय झालेला एक तरुण वायरमन त्या दिवशी ऑफिसात बसला होता. त्याने इस्त्री मागवली. तिचे बटण पूर्ण फिरवले, पिनांना आपल्या मीटरच्या दोन काड्या लावल्या आणि आकडा वाचला : ५३ ओहम. मग आमच्याच वकालतनाम्याच्या कोऱ्या पाठीवर त्याने दोन ओळींचा हिशेब मांडला. २३० व्होल्ट भागिले ५३, म्हणजे सुमारे ४.३४ अँपिअर करंट. २३० गुणिले ४.३४, म्हणजे ९९८ वॅट. इस्त्री २००० वॅटची असती तर मीटरवर ५३ नव्हे, साडेसव्वीस ओहम दिसले असते. इतकी वर्षे आम्ही माणसांची उलटतपासणी घेत आलो. येथे एका निर्जीव तारेची उलटतपासणी झाली होती आणि साक्षीदार फुटला नव्हता.

ज्याच्या नावाने तो मीटर बोलत होता तो ओहम कोण, हे शोधण्याचा नाद आम्हाला तेव्हापासून लागला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी बव्हेरियाजवळच्या एर्लांगेन या गावी झाला. हे गाव आज जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात आहे. बाप योहान वोल्फगांग ओहम कुलपे तयार करणारा कारागीर, आई शिंप्याची मुलगी. सात मुले झाली, त्यांतली तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. बापाचे औपचारिक शिक्षण नव्हते. पण या माणसाने स्वतःच्या बळावर गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान वाचून काढले होते आणि दिवसभर लोखंडावर कानस चालवून झाल्यावर तो आपल्या दोन मुलांना ते शिकवत असे. गावातल्या शाळेत जे विज्ञान मिळाले नाही ते मुलांना घरात मिळाले. एर्लांगेन विद्यापीठातील लांग्सडोर्फ नावाच्या प्राध्यापकाने या दोन भावांची परीक्षा घेतली आणि कुलूपवाल्याच्या घरातून बर्नुली बंधूंसारखी गणितज्ञ जोडी निघेल, असा अभिप्राय दिला. तो अगदीच चुकला नाही. धाकटा मार्टिनही पुढे बर्लिनमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण चरित्रे लिहिताना आपण माणसांना जन्मतःच तपस्वी करून टाकतो. १८०५ साली जॉर्ज विद्यापीठात गेला आणि नाच, बर्फावरचे स्केटिंग व बिलियर्ड्स यांतच रमला! पोटाला चिमटा काढून शिकवणारा बाप संतापला. तीन सत्रांत विद्यापीठ सुटले आणि १८०६ साली सतरा वर्षांचा जॉर्ज स्वित्झर्लंडमधल्या गोटश्टाट गावी गणिताचा मास्तर म्हणून रवाना झाला. शिकवता शिकवता त्याने ऑयलर, लाप्लास आणि लाक्रुआ यांची गणिताची पुस्तके स्वतः वाचली. १८११ साली एर्लांगेनला परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळवली. विद्यापीठात काही काळ शिकवलेही. पण त्या पदावर पोट भरत नव्हते आणि बढतीची आशा नव्हती. म्हणून १८१३ साली त्याने बांबेर्गच्या एका सामान्य शाळेत नोकरी धरली. तीन वर्षांत ती शाळाही बंद पडली. डॉक्टरेट झालेला गणितज्ञ एका गर्दीने भरलेल्या दुसऱ्या शाळेत मदतनीस मास्तर झाला.

या कंटाळवाण्या वर्षांत त्याने भूमितीचे एक पाठ्यपुस्तक लिहिले आणि प्रशियाच्या राजाकडे पाठवले. त्याचा उपयोग झाला. १८१७ साली कोलोनच्या जुन्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवण्याची जागा मिळाली. या शाळेत चांगली प्रयोगशाळा होती. ओहमच्या आयुष्यातले हे पहिले भाग्य म्हणावे लागेल. जी उपकरणे नव्हती ती तो स्वतः तयार करू शकत होता. तार ओढणे, धातू घासणे, सांधा बसवणे हे त्याने बापाच्या कारखान्यात पाहिलेले होते. जे प्राध्यापक केवळ ग्रंथांतून निसर्ग वाचीत होते त्यांच्यापाशी हे हात नव्हते.

१८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवले, की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसुई हलते. म्हणजे न दिसणाऱ्या विजेचे माप घेण्याचे साधन सापडले. प्रश्न असा होता : तार लांब केली की वीज किती कमी होते? आज हा प्रश्न पोरकट वाटेल. तेव्हा करंट, व्होल्टेज आणि रोध म्हणजेच रेझिस्टन्स या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच स्पष्ट नव्हते. सगळ्यांची एकच खिचडी होती.

ओहमने १८२५ साली पहिला निबंध छापला आणि तो चुकला! त्याने व्होल्टाची बॅटरी वापरली होती. त्या बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच खालीवर होत असे. मोजणाराचा काटाच जागेवर नसेल तर तराजू काय सांगणार? त्यातून ओहमने घाईने एक सूत्र काढले आणि ते सर्वत्र लागू पडेना. तेव्हा पोगेनडोर्फ या संपादकाने त्याला सुचवले, की बॅटरी सोड आणि उष्णतेपासून मिळणारी वीज वापर. सीबेकने १८२१ सालीच दाखवले होते, की दोन वेगळ्या धातूंचे सांधे एक गरम आणि एक थंड ठेवले तर वीज वाहते. ओहमने बिस्मथ आणि तांबे जोडले, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. उकळते पाणी आणि वितळता बर्फ आपली तापमाने सोडत नाहीत, म्हणून जोरही हलेना. इतके साधे आणि इतके अचूक! आपली चूक दुसऱ्याने दाखवली म्हणून तो रुसून बसला नाही, हेही आम्हाला महत्त्वाचे वाटते.

१८२६ च्या जानेवारीत त्याने सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. प्रत्येक तार जोडून, टांगलेली चुंबकसुई परत जागेवर आणायला किती पीळ द्यावा लागतो ते मोजले. २ इंचांच्या तारेला आकडा आला सुमारे ३२७. १३० इंचांच्या तारेला आला साडेअठ्ठेचाळीस. वाचकांनी येथे थोडे थांबावे. तार ६५ पट लांब झाली. पण विजेचा प्रवाह मात्र केवळ पावणेसात पट कमी झाला. उतावीळ माणूस म्हणाला असता, लांबीचा आणि प्रवाहाचा काही मेळच नाही. ओहमने तसे म्हटले नाही. त्याने ओळखले, की वीज केवळ या तारेतून वाहत नाही, ती बिस्मथच्या पट्टीतून आणि बाकीच्या उपकरणातूनही वाहते आणि तेही तिला अडवते. हा लपलेला अडथळा त्याच्या हिशेबात सव्वावीस इंच तारेएवढा निघाला. आता प्रत्येक लांबीत सव्वावीस मिळवा. सव्वाबावीस आणि सव्वादीडशे. यांचे गुणोत्तर पावणेसात! आठही तारांना हाच हिशेब लागू पडला. जोर कायम असेल तर प्रवाह एकूण अडथळ्याच्या व्यस्त प्रमाणात असतो. ओहमचा नियम तो हाच. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स. व्होल्ट आणि अँपिअर ही नावे पुढे आली. पण नाते या आठ तारांत सापडले.

आम्हाला या साऱ्या चरित्रात हे सव्वावीस इंच सर्वांत मोलाचे वाटतात. जे दिसते तेवढेच मोजायचे आणि जे दिसत नाही ते नाहीच असे मानायचे, ही चूक विद्वानसुद्धा करतात. ओहमने न दिसणाऱ्या अडथळ्यालाही आकडा दिला.

एवढे झाल्यावर मास्तरकी सुटेल, विद्यापीठात खुर्ची मिळेल, असे त्याला वाटले. १८२६ सालीच त्याने शाळेतून अर्ध्या पगारावर वर्षाची रजा घेतली, बर्लिनला भावाकडे गेला आणि १८२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्युत मंडलाचे गणिती विवेचन असा त्याचा विषय. फ्रान्सच्या फूरिएने १८२२ साली, सळईतून उष्णता कशी वाहते याचे गणित मांडले होते. त्याच धर्तीवर ओहमने तारेतून वाहणाऱ्या विजेचे गणित मांडले.

ग्रंथाचे स्वागत थंड झाले. बर्लिनमध्ये तेव्हा हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा दबदबा होता. निसर्गाचे सत्य तत्त्वचिंतनातून उलगडते, तारा आणि आकडे यांतून नव्हे, असे मानणारा वर्ग प्रभावी होता. पोल नावाच्या प्राध्यापकाने ग्रंथावर कडक टीका केली. शाळामास्तराने तत्त्ववेत्त्यांच्या अंगणात पाऊल टाकले होते ना! तथापि सगळा दोष टीकाकारांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ओहमनेही एक घोडचूक केली. आठ तारांचा तो खणखणीत तक्ता त्याने मासिकातच राहू दिला आणि ग्रंथात गणित पुढे केले. त्या काळच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांना असे गणित वाचायची सवय नव्हती. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर, पुरावा मागे ठेवून त्याने नुसता युक्तिवाद दाखल केला. असे दावे कोर्टात पडताना आम्ही पाहिले आहेत, खरे असूनही.

विद्यापीठाची खुर्ची मिळाली नाही. कोलोनला परत जाण्याऐवजी त्याने १८२८ साली त्या नोकरीचा राजीनामा दिला. पुढची पाच-सहा वर्षे बर्लिनमध्ये तात्पुरत्या शिकवण्यांवर निघाली. १८३३ साली न्युरेंबर्गच्या पॉलिटेक्निक शाळेत जागा मिळाली, तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. ज्या वयात प्रज्ञेला बहर येतो त्या वयात हा माणूस घरभाड्याची चिंता करीत होता. त्याने लग्न केले नाही.

मग नियम वाचला कसा? तो मोजता येत होता म्हणून वाचला. लाइपझिगच्या फेख्नरने प्रयोग करून पाहिला, आकडे जुळले. रशियात लेंझने पाहिले, जुळले. पॅरिसमध्ये पुइये यांनी पाहिले, जुळले. त्यातच १८३७ नंतर इंग्लंडमध्ये तारायंत्राचा धंदा सुरू झाला. मैलोगणती तार टाकायची तर पलीकडच्या टोकाला काटा हलण्याइतका करंट पोहोचेल की नाही, हे आधी कळले पाहिजे. तेथे तत्त्वचिंतन कामाला येईना, ओहमचा भागाकारच कामाला आला. १८४१ साली ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर झाले आणि त्याच साली लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहमला कोप्ले पदक दिले. मायदेशाने दखल घेतली ती त्यानंतर. बव्हेरियाच्या अकादमीचे सभासदत्व १८४५ साली आणि म्युनिक विद्यापीठातील पूर्ण प्राध्यापकपद १८५२ साली! तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिक येथे त्याचे निधन झाले. ज्या खुर्चीसाठी उमेद घातली ती दोनच वर्षे लाभली.

हाच नियम ओहमच्या जन्माआधीच एका माणसाला सापडला होता, हे वाचून आम्ही चकित झालो. हेन्री कॅव्हेंडिश, ड्यूकचा नातू, अमाप श्रीमंत. मीटर नव्हते म्हणून तो स्वतःच्या अंगाला विजेचा झटका देऊन कोणता झटका जोराचा ते ठरवी. १७८१ साली त्याने या नात्यापर्यंत मजल मारली आणि कागद घरात ठेवून दिले. ते मॅक्सवेलने शोधून १८७९ साली छापले. त्याला नोकरीची गरज नव्हती, कोणाला काही सांगायचीही गरज नव्हती. नाव लागले ते छापून टीका सोसणाऱ्या मास्तराचे, आणि ते योग्यच झाले असे आमचे मत आहे.

आता वॅटविषयी. शक्तीचा म्हणजे पॉवरचा हिशेब ओहमचा नव्हे. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा जेम्स जूल, धंदा घरच्या दारूभट्टीचा, त्याने १८४१ साली दाखवले, की तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रेझिस्टन्सच्या प्रमाणात असते. ओहमचा नियम त्याला जोडला की सगळे धागे एकत्र येतात. करंट गुणिले व्होल्टेज म्हणजे वॅट. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, तरी तेच वॅट. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, तरीही तेच. चारपैकी कोणत्याही दोन गोष्टी कळल्या की उरलेल्या दोन काढता येतात.

हा वर्ग मोठा खोडकर आहे. आमच्या लाँड्रीवाल्याची आणखी एक तक्रार होती, की संध्याकाळी इस्त्री तापत नाही. वायरमनने भिंतीतल्या प्लगला मीटर लावला तर व्होल्टेज १८० च. १८० भागिले ५३ म्हणजे ३.४ अँपिअर आणि शक्ती सुमारे ६११ वॅट. व्होल्टेज एकपंचमांशाहून थोडे अधिक घटले. पण इस्त्रीची ताकद जवळजवळ चाळीस टक्के गेली. लाँड्रीवाल्याला वाटत होते इस्त्री जुनी झाली. इस्त्री तीच होती.

मात्र हा हिशेब डोळे मिटून सगळीकडे लावू नये. तारेचे तापमान बदलले की रेझिस्टन्स बदलतो. जुन्या पिवळ्या दिव्याचेच पाहा. ६० वॅटचा दिवा पेटलेला असताना त्याच्या तारेचा रेझिस्टन्स सुमारे ८८२ ओहम असतो. थंड दिवा मीटरवर धरला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच आकडा दिसतो. त्यावरून वॅट काढले तर साध्या दिव्यावर शेगडीचा आरोप येईल! इस्त्रीतली तार निक्रोमची असते, तिचा रेझिस्टन्स गरम-थंडीत फारसा हलत नाही, म्हणून आमचे काम भागले. पंखा, पंप यांच्या मोटारीचा तर हिशेबच निराळा. तेथे व्होल्टेज आणि करंट यांचा नुसता गुणाकार चालत नाही.

१८८१ साली पॅरिसच्या विद्युत परिषदेत जगभराच्या तज्ज्ञांनी रेझिस्टन्सच्या एककाला ओहम हे नाव दिले. सोबत व्होल्ट आणि अँपिअर. न्युरेंबर्गच्या ज्या शाळेत त्याने उमेदीची वर्षे काढली, तिच्या परंपरेतील तंत्रविद्यापीठालाही आज त्याचेच नाव आहे. मीटरच्या तबकडीवर ओहमची खूण म्हणून ग्रीक अक्षर ओमेगा असते. रोमन ओ लिहिला असता तर तो शून्य समजला गेला असता.

आमच्या पक्षकाराचे काय झाले ते सांगायचे राहिले. आम्ही हरकतीचा अर्ज दिला, त्याला त्या वायरमनचा हिशेब जोडला आणि दोन्ही इस्त्र्या पिशवीत घालून सुनावणीला गेलो. अधिकाऱ्यांनी आपल्याच माणसाला मीटर लावायला सांगितले. एका इस्त्रीचे ५३ आले, दुसरीचे ५४. अधिकाऱ्यांनी गणकयंत्र पुढे ओढले, दोनदा भागाकार केला आणि पंचनाम्यातल्या २००० च्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. महिन्याभरात दुरुस्त आदेश आला. लाँड्रीवाल्याने आमची फी विचारली. आम्ही त्याला वायरमनकडे पाठवले.